गुरुवारचं तेल

जिन्याच्या पहिल्या वळणावरच मला तेलाचा वास आला. सरकीचं तेल धूर सुटेपर्यंत तापवायचं, त्यात सोललेला अख्खा कांदा सोडायचा, तो काळाठिक्कर पडला की काढून टाकायचा. मग तेलाचा कच्चेपणा जातो आणि मागं जो वास उरतो तो हा. ताश्कंदात जन्म काढलेल्या बाईला तो झोपेतही ओळखता येतो. एरवी हा वास आला तर पोटात भूक जागी होते. पण गुरुवारी दुपारी आला की माणूस पायरीवर थांबतो आणि मनात विचारतो, कुणाच्या नावाचं? गुरुवारचं तेल आमच्याकडं गेलेल्यांसाठी तापतं. पोळीसारखे पातळ चलपाक लाटायचे, सात, आणि एकेक तेलात सोडायचा. त्यांचा वास ज्याच्या नावानं तळले त्याला पोचतो. घरची माणसं आपल्याला विसरली नाहीत एवढं त्याला कळतं, आणि त्याचं पोट भरतं. चलपाक मग आजूबाजूला वाटायचे. मी पिशवी पायरीवर टेकवली आणि उगाच हिशोब करत राहिले, या जिन्यात कोण गेलंय, कुणाचं वर्ष भरायचंय. पिशवीत हिरवा पाला होता. सकाळपासून पाटाच्या कडेनं गुडघे टेकून, बोथट सुरीनं एकेक रोप मुळाशी कापून गोळा केलेला. जगजग नावाची रानभाजी, कोवळा पुदिना, लसूणघासाचे शेंडे. मार्चमध्ये दोनच आठवडे हा पाला खाण्याजोगा असतो, मग त्याला फुलं येतात आणि तो गुरांचा होतो.

दुसऱ्या मजल्यावर लुत्फी आपाचं दार उघडं होतं. ती उंबऱ्यातच उभी होती, हातात अर्धा चलपाक, हनुवटीला तेल. मला बघून तिनं चावणं थांबवलं आणि चेहरा पाडला. तिला चेहरा पटकन पाडता येतो, तेवढं तिचं वय आहे.

"रुजू होवो गं करोमत," ती म्हणाली.

"कुणाचं रुजू होवो?"

"आता मलाच विचार. तुझ्या घरचं. तुझी सून देऊन गेली आत्ता, गरमगरम. तुमच्या समोर पण दिले तिनं. कुणाच्या नावाचं म्हणून विचारलं, तर म्हणाली, ओयी आल्या की सांगतील." सून मला ओयी म्हणते, आई म्हणावं तसं. लुत्फी आपा माझ्या तोंडाकडं बघत राहिली. "मी म्हटलं हम्रोभाईंच्या नावाचं असेल. पण तुझ्याकडं तर तीन वर्षं झाली, गुरुवारी कांदासुद्धा परतत नाहीत."

"वर जाऊन बघते," मी म्हटलं.

"बघ. ताटली घेऊन येते मी जरा वेळानं. रिकामी कशी देऊ?"

ताटली हे निमित्त होतं, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. लुत्फी आपाला वर यायचं होतं आणि नाव ऐकायचं होतं. तिला नाव कळलं की संध्याकाळच्या आत चारही जिन्यांना कळतं, आणि मग ते फिरवता येत नाही. मी पिशवी उचलली. दोन मजले उरले होते.

तीन वर्षं तिनं बरोबर मोजली होती. त्याआधी दर गुरुवारी मी हम्रोसाठी तळत असे. माझा नवरा खाण्याच्या बाबतीत फार मागणारा नव्हता. जिवंतपणी कांद्याबरोबर शिळा नान खाऊन कामावर जायचा, आणि गेल्यावर सात चलपाकांच्या वासावर भागवत होता. मग तुर्सुनचा फोन यायचा थांबला. तुर्सुन माझा मुलगा, एकुलता. सात वर्षांपूर्वी, लग्नाच्या पहिल्याच उन्हाळ्यात, बांधकामाच्या कामावर रशियात गेला. पहिल्या वर्षी रविवारी फोन यायचा, मग महिन्याकाठी, मग ईदला, आणि मग ईदलाही नाही. त्या हिवाळ्यात एका गुरुवारी मी नेहमीसारखी तळून खाली उतरले, तर बाकावरच्या बायकांपैकी एक सरकून जवळ आली आणि आवाज खाली आणून म्हणाली, तुर्सुनचं काही कळलं का गं, नाही, तेलाचा वास आला म्हणून विचारलं. मी उरलेले चलपाक तसेच घरी परत आणले आणि कावळ्यांना टाकले. त्या दिवसापासून माझ्या घरात गुरुवारी तेल तापलं नाही. कांदा परतायचा असला की बुधवारी परतून ठेवायचा. गुरुवारी उकडलेलं, शिजवलेलं, पाण्यातलं. खिडकी बंद. शेजारच्या घरातून वास आला तरी मी दाराच्या फटीत ओलं फडकं ठोकायची. वास चुकून त्याच्यापर्यंत गेला तर? कुठं तरी परक्या गावात तो रस्त्यानं चालला असेल, त्याच्या नाकाला हा वास लागेल, आणि तो समजेल की घरच्यांनी आपल्याला पलीकडं ढकललं. हसेल कुणी, पण मी यात हसण्यासारखं काही बघत नाही. हम्रोला मी कबरीवर जाऊन सांगितलं, बाबा रे, पोरासाठी थोडं उपाशी राहा. त्यानं ऐकलं. तो आयुष्यभर माझं ऐकतच आला.

तुर्सुनच्या आधी माझी दोन गेली. एक थंडीत, एक चालायला लागल्यावर. तिसऱ्या वेळी सासूनं सांगितलं, याला लपवून ठेवायचं. तो जन्मला तसा फडक्यात गुंडाळून खिडकीतून बाहेर दिला. बाहेर लुत्फी आपा उभी होती, तिची चारही जगली होती. तिनं तो वाटीभर कोंड्याला विकत घेतला, तीन दिवस तिच्या घरी तिच्या दुधावर राहिला, मग मी तिच्याकडून कोंडा देऊनच परत आणला. मृत्यूनं विचारलं तर सांगायला हवं ना की हे करोमतचं पोर नव्हे, लुत्फीचं आहे. नाव ठेवलं तुर्सुन, म्हणजे राहू दे. अशी नावं आमच्या गल्लीत बरीच आहेत, बायकांनी देवाला घातलेली गळच असते ती. माझी पोचली. तो राहिला. गोवर आला आणि गेला, पाटात पडला आणि कुणी तरी केसाला धरून वर काढला. चौथ्या मजल्याच्या गॅलरीत कठड्यावर बसून पाय हलवत हिरवा सोमसा खायचा. पाल्याचा सोमसा भट्टीतून काढल्या काढल्या आतून पेटलेला असतो. तो थांबायचा नाही, जीभ भाजून घ्यायचा, तोंड उघडं टाकून हवा आत ओढायचा आणि दुसरा मागायचा. मी ओरडायची, थांब जरा, कुणी पळवून नेत नाही. आता वाटतं, त्या एवढ्याशा पोराला दोनच आठवडे मिळतात हे नेमकं कळलं होतं.

दार नुसतं लोटलेलं होतं. स्वयंपाकघरात माझी सून मेहरी शेगडीपाशी उभी होती, बाह्या कोपरापर्यंत वर, डोक्याचा रुमाल मागं बांधलेला. खिडकी सताड उघडी होती. मी आधी जाऊन ती लावली.

"गॅस बंद कर," मी म्हटलं.

तिनं केला. कढईतलं तेल थोडा वेळ तसंच कुरकुरत राहिलं. ओट्यावर वर्तमानपत्रावर चलपाक होते, सोनेरी, मधे मधे फोड आलेले. मेहरीच्या हाताला कणीक वळते. माझ्यापेक्षा बरी वळते, हे मी तिला कधी सांगितलं नाही. ती कोकंदची. आली तेव्हा सगळ्यात मिरी घालायची, शिंका येईपर्यंत. तुर्सुनला मिरी चालत नाही म्हणून मी ती तिच्याकडून काढून घेतली. तो गेला, मिरी मात्र परत दिली नाही. त्याला चालतं ते आणि त्याला चालतं तसं, एवढंच मी या पोरीला शिकवत राहिले. कोवळ्या जर्दाळूंची कैरीसारखी आंबट आमटी एप्रिलमध्ये, ती त्याला आवडते. जूनमध्ये टोमॅटो पातळ चिरायचा, इतका पातळ की सुरी पलीकडून दिसली पाहिजे, कारण तो जाड फोड ताटातून बाजूला काढतो. भोपळा शरदात, तोही साल पांढरट झालेला. पुलावात बिही नावाच्या फळाच्या दोन फोडी, त्यातली मोठी त्याची. हिवाळ्यात मूग आणि तांदळाची पातळ खिचडी, वर दह्याचा गोळा. वर्ष फिरून यायचं, बाजारात पुन्हा पाला दिसायचा आणि आम्ही दोघी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचो. मेहरीनं एकदाही म्हटलं नाही की ओयी, हे कुणासाठी करतोय आपण? ती नवऱ्याबरोबर राहिली एक हिवाळा, माझ्याबरोबर त्याच्या कितीतरी पट. पोरबाळ नाही. मला कधी कधी वाटायचं, ही माझ्याकडं लग्न करून आली आहे.

"सगळे सात?" मी विचारलं.

"सात."

"दोन घरी दिलेस."

"हो. लुत्फी आपांना आणि समोर."

"नाव घेतलंस?"

"नाही. ते तुम्ही घ्यायचं."

मी स्टुलावर बसले. बसले म्हणजे स्टूल खाली होतं म्हणून बरं झालं. मला आश्चर्य वाटलं की मी ओरडत नाहीये. तीन वर्षं मी हे ओरडणं तयार करून ठेवलं होतं, कुठून सुरू करायचं, कुठला पदर फाडायचा. आता ते सापडत नव्हतं. मी पिशवी सिंकमध्ये उपडी केली आणि नळ सोडला. पाल्यातून माती, एक गोगलगाय आणि कुणाच्या तरी सिगारेटचा चुरा निघाला.

"कुठं?" मी विचारलं. "पडला का? उंचावरून पडला? कुणी कळवलं तुला?"

"पडले नाहीत," ती म्हणाली. "फोन आला होता. सोमवारी. तुम्ही बाजारात होतात."

"कुणाचा?"

"त्यांचाच."

मी हसले. खरंच हसले, नळ चालू, हात पाण्यात, आणि मी दात दाखवून हसतेय. मेहरी माझ्याकडं बघत होती, आणि तिच्या तोंडावर जे होतं ते बघून माझं हसू थांबलं. माझा मुलगा जिवंत होता. त्यानं फोन केला होता. आणि ही बाई त्याचे चलपाक तळून शेजाऱ्यांना वाटून आली होती.

"जिवंत माणसाच्या नावानं तेल तापवलंस तू?"

"त्यांनीच सांगितलं."

"काय सांगितलं? तेल तापव म्हणाला?"

"मी मेलो असं समजा, म्हणाले." तिनं उरलेले चलपाक एकावर एक रचले, कडा जुळवल्या. "मी समजले."

मग ती सगळं बोलली. एरवी तिच्याकडून एक वाक्य काढायला संध्याकाळ लागते. समारा नावाचं गाव आहे. तिथं घर आहे, घरात एक बाई आहे, आणि एक मुलगी आहे जी आता चालते. तो भाजीच्या गोदामात काम करतो. त्याची तब्येत ठीक आहे. परत येणार नाही. मेहरीचं वय जातंय, ते त्याला दिसतंय. फोन यापूर्वीच करायचा होता, धीर झाला नाही. हे सगळं तिनं बाजारातल्या भाजीचे भाव सांगावेत तसं सांगितलं. मी मधे विचारलं, माझ्याशी बोलायचं म्हणाला का.

"मी म्हटलं, ओयी येतीलच, थांबा. तर नको म्हणाले. आईचा आवाज ऐकला की मला जमायचं नाही, म्हणाले." आणि मग, माझ्याकडं न बघता, "आधी विचारलं, आज काय केलंय. मी म्हटलं, मुगाची खिचडी. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं लाइन गेली. मग म्हणाले, समजा की मी मेलो."

सोमवारी मुगाची खिचडी होती. मी बाजारातून आले, दोन वाट्या खाल्ली, मूग किंचित करपलेत म्हणून मेहरीला बोलले. ती समोर बसून ऐकत होती. तोंडातून अक्षर काढलं नाही हिनं. सोमवार, मंगळवार, बुधवार माझ्याबरोबर जेवली, रात्री माझ्या पायांना तेल लावलं. मला वाटलं उठावं आणि कढईतलं गरम तेल सिंकमध्ये ओतून टाकावं. समोरचं दार वाजवावं, लुत्फी आपाच्या हातातला तुकडा हिसकावून घ्यावा, ओरडून सांगावं की माझा मुलगा जिवंत आहे, धडधाकट आहे, भाजीच्या गोदामात काम करतो, त्याला मुलगी आहे आणि ती चालते. आणि मग लुत्फी आपा म्हणेल, अगंबाई, आणि मेहरीचं काय?

"आता ऐका," मेहरी म्हणाली. ती सिंकमधला पाला घेऊन माझ्यासमोर उकिडवी बसली आणि काड्या खुडायला लागली, मुळं एकीकडं, पानं एकीकडं. "वाट बघत होते तेव्हा बघत होते. आता कशाची बघू? टाकलेली म्हणून मी कोकंदला जाऊ शकत नाही. भाऊ दारातच विचारेल, तुझ्यात काय कमी होतं. वहिनी विचारणार नाही, नुसती बघेल, ते जास्त. विधवा म्हणून गेले तर दार उघडेल. इद्दतीचे चार महिने दहा दिवस इथं पाळेन, तुमच्याजवळ. मग जाईन."

"म्हणून त्याला मारलंस."

"मी नाही मारलं. मी नावसुद्धा घेतलेलं नाही, ओयी. तुम्ही ठरवा. तुम्ही लुत्फी आपांना म्हणा, हम्रो अब्बांच्या नावाचं होतं, संपलं. मी पुन्हा बोलणार नाही. इथंच राहीन, खिचडी करीन, तुमचं करीन. माणसं समजतील अजून वाट बघते." तिनं एक लसूणघासाचा शेंडा हातात धरला, बघितला, जून होता म्हणून टाकून दिला. "पण मी बघणार नाही."

पाला धुवायला वेळ लागतो. तीन पाण्यांतून काढावा लागतो, चौथ्यातही कचकच राहतेच. मी धुतला, पिळला, बारीक चिरला. कांद्याची पात चिरली, मीठ लावलं. सवयीनं. मेंढीच्या शेपटीची चरबी फ्रीजमधून काढून बारीक तुकडे केले. हात करत होते आणि मी त्यांच्याकडं दुसऱ्या बाईच्या हातांकडं बघावं तसं बघत होते. मेहरीनं कणीक लाटायला घेतली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. या घरात पाला आला की सोमसे होतात. कुणी जिवंत आहे की नाही याचा त्याच्याशी संबंध नसतो.

मला सोपं होतं. हम्रोचं, एवढं एकच म्हणायचं होतं. त्यात खोटंही फारसं नव्हतं, तो गेलेला होताच आणि तीन वर्षं उपाशी होता, त्याला आयते चलपाक मिळाले असते. मेहरी राहिली असती. माझे गुडघे चालेनासे होतील तेव्हा पाणी कोण देईल, हा प्रश्न मी माझ्याशी कधी मोठ्यानं विचारला नाही. पण तो रोज संध्याकाळी चहाबरोबर यायचा आणि मेहरीकडं बघून परत जायचा. आणि तो आला असता. कधीतरी. अशी माणसं येतात, मी बघितलीयत. केस पांढरे झाल्यावर, तिकडच्या बाईनं हाकलल्यावर, हातात एक प्लास्टिकची पिशवी घेऊन जिना चढतात, आणि घरातली बाई एक शब्द न बोलता त्यांच्यासमोर वाटी ठेवते. सगळा जिना मग म्हणतो, बघा, शेवटी आईनं ओढून आणलं. मी त्या वाटीसाठी सात वर्षं काय, सतरा काढली असती. पण त्याचं मेलेलं नाव एकदा लुत्फी आपाच्या कानावर पडलं की तो जिना त्याला चढता येणार नव्हता. कोण चढतं आपल्याच नावाचे चलपाक जिथं वाटून झालेत त्या घरात? आणि मेहरीही मग जिना उतरणार होती. मी एका शब्दात दोघांना घालवणार होते आणि चौथ्या मजल्यावर कढईपाशी एकटी उरणार होते. हे मला कळत होतं. पाला चिरता चिरता अगदी स्वच्छ कळत होतं.

पण आवाज नको होता त्याला. मी तिथंच येऊन अडत होते, सुरी हाडाला अडावी तशी. काय केलंय हे विचारलं त्यानं. म्हणजे भूक लागते. समाऱ्यातल्या बाईच्या उकडलेल्या बटाट्यानं, वर शेपू भुरभुरलेल्या, त्याचं पोट भरत नाही. मुगाची खिचडी ऐकून त्याच्या तोंडाला पाणी सुटलं असेल, किंवा डोळ्याला, मला माहीत नाही. खिचडी हवी होती त्याला. ती ढवळणाऱ्या बाईचा आवाज नको होता, कारण आवाज ऐकला की जमलं नसतं. मी त्याला खिडकीतून बाहेर दिला होता आणि कोंडा देऊन परत आणला होता. मृत्यूच्या तोंडावर खोटं बोलले होते. तीन वर्षं नवऱ्याला उपाशी ठेवलं, दाराच्या फटीत फडकी ठोकली, की चुकूनसुद्धा कुणी याला मेलेला म्हणू नये. आणि यानं काय करावं, तर फोन उचलून स्वतःच म्हणावं. किती सहज म्हणाला असेल. एखादा माणूस जड पिशवी दुसऱ्याच्या हातात देतो तसं त्यानं आपलं मरण या पोरीच्या हातात दिलं आणि फोन ठेवला. पुढचं सगळं तिनं करायचं. तेल तापवायचं, कांदा काळा करायचा, लाटायचे, तळायचे. त्याला वाटलं असेल, असं कुणी खरंच करत नाही. मला त्या क्षणी माझ्या मुलाचा इतका राग आला की मला तो चेहऱ्यासकट दिसला, कठड्यावर बसलेला, जीभ भाजलेला. आणि मी त्याच्यावर फुंकर घालायला पुढं झाले नाही.

पहिले सोमसे शेगडीखालच्या भट्टीत गेले तेव्हा दार वाजलं.

लुत्फी आपा आत आली. हातात आमची ताटली, त्यात मूठभर वाळवलेले जर्दाळू. तिनं चपला काढल्या, खुर्चीवर बसली, श्वास घेतला. दोन मजलेही तिला आता झेपत नाहीत. पण या नावासाठी तिला झेपले. मेहरीचे हात कणकेत थांबले. ती माझ्याकडं बघत नव्हती. शेगडीवरच्या कढईकडं, थंड होत चाललेल्या तेलाकडं बघत होती, आणि तिच्या मानेवरची एक शीर उडत होती. सात वर्षांत मी या पोरीची मान नीट बघितली नव्हती. रुमालाखाली बारीक, लहान मुलीची असावी तशी.

"मग?" लुत्फी आपा म्हणाली. "कुणाचं म्हणून मी दुवा मागू? समोरची पण विचारतेय. हम्रोभाईंचं ना?"

भट्टीतून कणीक भाजल्याचा पहिला वास यायला लागला होता. मी ताटली तिच्या हातातून घेतली, जर्दाळू वाटीत काढले, ताटली धुतली, पुसली आणि जागेवर ठेवली. तिला घाई नव्हती, मलाही नव्हती.

"तुर्सुनचं," मी म्हटलं.

लुत्फी आपाचा हात तोंडाशी गेला, मग छातीशी गेला. मग ती रडायला लागली. तिचं ते पाडलेल्या चेहऱ्याचं रडणं नव्हे, दुसरंच, आतून घोगरं, ओंगळ. मी विसरले होते की तो तीन दिवस तिचाही होता. "मी घेतला होता गं त्याला," ती म्हणत राहिली, "वाटीभर कोंड्याला, या हातांनी घेतला होता." मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मी तिचं सांत्वन करतेय, असं ते दिसत असेल.

"कधी कळलं?" तिनं विचारलं.

"आज."

"कसा गेला?"

"लांब होता," मी म्हटलं. "आपल्याला सगळं कुठं कळतं."

तिनं हात वर केले, आम्हीही केले. ती पुटपुटली, शेवटी हात तोंडावरून फिरवले. उठताना तिनं मेहरीला जवळ ओढलं, तिच्या कणकेच्या हातांसकट, आणि म्हणाली, बाळा, तुझं वय काय गं. मेहरी तिच्या खांद्यावर डोकं टेकवून उभी राहिली आणि रडली. तेव्हा मला दिसलं की तीही सोमवारपासून तयारीतच होती, फक्त परवानगी नव्हती. दार लागलं. जिन्यातून लुत्फी आपाची पावलं उतरताना ऐकू आली, पहिलं थांबणं समोरच्या दारापाशी, दुसरं एक मजला खाली.

मेहरीनं भट्टीतून सोमसे काढले. वरचा पापुद्रा फुगलेला, कडेनं हिरवा रस सुटून करपलेला. तिनं एक माझ्यासमोर ठेवला. मी तो बाजूला सारला आणि वर्तमानपत्रावरचा चलपाक ओढून घेतला. थंड झाला होता, कडा चामड्यासारख्या. मग उठले, खिडकीची कडी काढली आणि ती पूर्ण उघडली. खाली पाटाशी बायका अजून वाकून पाला कापत होत्या. मी चलपाकाचा तुकडा तोडला, तोंडात घातला आणि गिळेपर्यंत चावला.

"मीठ कमी आहे," मी म्हटलं. "आहेस तोवर दर गुरुवारी बघून घाल."